तासभर थांबा, मग सुई टोचा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला एका शिरेसाठी चार वेळा टोचलं. चौथ्या खेपेला तिच्या आईनं खांदे धरले होते, मी पाय. ती रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार. अकराव्या महिन्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, म्हणजे वर्षाला सतरा वेळा. नमुन्याची एक सुई, रक्त चढवायला शिरेत ठेवतात त्या इंट्राकॅथची दुसरी, शीर चुकली की तिसरी, चौथी. माझ्या हिशोबानं आजवर तीनशेच्या वर सुया झाल्या. दोन्ही हातांच्या पाठी बघा, शिरांवर गाठी आल्यात.

8 मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. यंदा त्या दिवशी आम्हाला एका कार्यक्रमाला बोलावलं होतं. मुलांना गुलाबाची फुलं दिली, फोटो काढले आणि व्यासपीठावरच्या एका साहेबांनी माइकवर सांगितलं की पुढच्या महिन्यापासून सुईच्या आधी बधिर करणारं क्रीम मिळेल. मीही टाळ्या वाजवल्या. लेकीनं घरी येऊन आजीला सांगितलं, "आता दुखणार नाही." त्यानंतर सात खेपा झाल्या. क्रीम आलं नाही.

मंगळवारी मी हट्टच धरला. सिस्टरनी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जेली आणली, हाताला चोळली, दोन मिनिटांत पुसली आणि सुई घातली. सिस्टरना बोल लावत नाही, अख्ख्या वॉर्डात त्या दोघीच होत्या. पण ही जेली लघवीची नळी घालताना वापरतात. आतल्या ओल्या, नाजूक अस्तरातून ती शिरते. धडधाकट कातडीवर तिचं काही चालत नाही, कारण कातडीच्या वर मेलेल्या पेशींचा एक थर असतो. कागदाहून पातळ, पण औषधाला तोच वेशीबाहेर ठेवतो.

यावर तोड निघून चाळीस वर्षं झाली, साहेब. लिग्नोकेन 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालं. 1980 च्या दशकात तिथंच त्यात प्रिलोकेन हे बधिर करणारं दुसरं औषध मिसळून क्रीम केलं. ही दोन्ही औषधं सुटी ठेवली तर घट्ट राहतात, सम प्रमाणात एकत्र केली की खोलीतल्या उष्णतेलाच वितळून तेलासारखी होतात आणि म्हणून कातडीत मुरतात. मी फौंड्रीत काम करतो. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश लागतात, कार्बन मिसळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साडेअकराशेच्या आसपासच पाणी होतं. ही तीच युक्ती आहे. औषधाच्या डब्यातला कागद वाचून मला समजली.

क्रीमचा जाड थर द्यायचा, चोळायचा नाही, वरून प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावायची आणि तासभर थांबायचं. तासाभरात साधारण तीन मिलिमीटर खोल बधिर होतं, दोन तासांत पाच. पुसल्यावर कातडी पांढरट दिसते, शीर आकसते. हात उबदार ठेवून दहा मिनिटं थांबलं की सापडते. "क्रीम लावलं की शीर मिळत नाही" म्हणणाऱ्यांनी ती दहा मिनिटं कधी दिलीच नाहीत.

मला उत्तर मिळालं, "आमच्याकडं तासभर वेळ नाही." कुणाकडं वेळ नाही? नऊला नमुना घेतात. क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का ते बघणं, होऊन पिशवी यायला बारा वाजतात. ते तीन तास माझी पोर बाकड्यावर दोन्ही हात फ्रॉकखाली लपवून बसते. नऊ वाजता नमुना घेताना दुसऱ्या हाताला क्रीम लावलं तर कुणाचं एक मिनिट जादा जाणार आहे? पण हे ठरवायचं कुणी? भांडारवाला म्हणतो मागणी आली नाही, वॉर्ड म्हणतो पाठवली, ऑफिस म्हणतं तरतूद नाही.

शेवटी मीच ट्यूब विकत नेली. "बाहेरचं औषध इथं चालत नाही." बरं, घरून लावून यावं तर तेही माझ्या मनानं करायचं काम नाही. प्रिलोकेन जास्त झालं तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, तान्ह्या बाळांना तर जास्तच जपावं लागतं. माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन खेपेच्या दिवशी आधीच आठच्या आसपास उतरलेलं असतं. वजन बघून, मोजून डॉक्टरांनीच लावायला हवं.

दर खेपेला माझा एक खाडा. वर्षाचे सतरा. त्याची तक्रार नाही, लेकीसाठी आहे. पण आमच्या शेतातून 86 हजार कोटींचा शक्तिपीठ महामार्ग न्यायचा म्हटलं की तुमच्या सरकारची मोजणीवाली माणसं बांधावर हजर होतात, आणि एका ट्यूबसाठी पाच महिने फाईल हलत नाही. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी या कोल्हापूरनं चाळीस वर्षं आंदोलनं केली, 2025 मध्ये ते मिळालं. क्रीमसाठीही आम्ही बिंदू चौकात बसायचं का? दर वेळी रस्त्यावर उतरल्याशिवाय काहीच का मिळत नाही? शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय तुमचं एक भाषण सुरू होत नाही. 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा केला, तेव्हा गरिबाची पोरं मोर्चा घेऊन त्यांच्याकडं गेली नव्हती.

डायलिसिसवाल्यांना तर याहून जाड सुया टोचतात, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यांचंही बघा. कोल्हापुरात फार्मसीची कॉलेजं आहेत, त्यांना कामाला लावा. तास लागतो तो कमी करायच्या वाटा जगात आहेत. सौम्य विजेच्या प्रवाहानं लिग्नोकेन दहा-पंधरा मिनिटांत आत ढकलता येतं. केसासारख्या बारीक सुयांच्या पट्टीवर संशोधन चालू आहे. ते होईल तेव्हा होईल. आज निदान जे चाळीस वर्षं बाजारात आहे ते वॉर्डात ठेवा, आणि क्रीम लावल्याची वेळ केसपेपरवर लिहायची सक्ती करा, म्हणजे दोन मिनिटांत कुणी पुसणार नाही.

लेकीची पुढची तारीख 28 ऑक्टोबर आहे. आम्ही सकाळी नऊला तिथं असू. तिनं विचारलंय, "पप्पा, या वेळी डावा हात देऊ का उजवा?"

आपला,
थॅलेसेमिया झालेल्या एका मुलीचा बाप
कोल्हापूर