कुत्री आहेत, दोरी धरणारी माणसं हवीत

नागपूरकरांनो, राम राम.

आमचं कुत्री पाळणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ आहे. घरची कुत्री घेऊन आम्ही वृद्धाश्रमांत, विशेष मुलांच्या शाळांत, कधी दवाखान्यांत जातो. पाऊण तास बसतो आणि परत येतो. अशा कुत्र्याला थेरपी डॉग म्हणतात आणि त्याची दोरी धरणाऱ्याला हँडलर. कुठल्याही संस्थेकडून आम्ही पैसे घेत नाही. सध्या भेटीला नेता येतील अशी ६ कुत्री आमच्याकडे आहेत आणि नेणारी माणसं फक्त ३. कुणाची बदली झाली, कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या मुलीची दहावी आहे. कारणं सगळी खरी आहेत, पण बोलावणी येतच राहतात. म्हणून हे आवाहन.

मागच्या हिवाळ्यात एका वृद्धाश्रमात काटोलकडचे एक आजोबा भेटले. संत्र्याची बाग, बैलजोडी, सगळं मागे टाकून आलेले. कुणाशी बोलत नव्हते. आमची बर्फी (देशी आहे, रंग संत्रा बर्फीचा, म्हणून हे नाव) त्यांच्या खाटेजवळ गेली आणि गादीच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग अंगठ्यानं तिचा ओठ वर केला आणि बैलबाजारात पाहतात तसे दात पाहिले. ‘‘चार वर्साची असन,’’ म्हणाले. बर्फी पाच वर्षांची होती. मग त्यांनी एकेक पंजा उचलून पाहिला, पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, ‘‘भाकर खाते का?’’ पुढचा अर्धा तास मी बैलांबद्दल ऐकत होते.

अनोळखी माणसानं ओठ वर केला तरी बर्फी जागची हलली नाही, यामागे आठ महिन्यांची घरची मेहनत आहे. रोज संध्याकाळी तिचे कान, दात, पंजे, शेपूट हाताळायचे. मागे मुद्दाम स्टीलचं ताट पाडायचं. शेजारच्या काकूंचा वॉकर मागून आणून तिच्यासमोर ठकठक चालवायचा. जमिनीवर पडलेलं बिस्किट ‘‘सोड’’ म्हटल्यावर सोडायला शिकवायचं, कारण दवाखान्याच्या फरशीवर कधी गोळी पडलेली असते. एवढं यायला जातिवंत कुत्रा लागत नाही. गावठी चालतो, लॅब्रॅडॉर चालतो. वय मात्र वर्षाच्या पुढचं हवं आणि नवीन माणूस दिसला की त्याला आनंद व्हायला हवा. भित्रा कुत्रा ओढून नेऊ नका. तो घरीच सुखी असतो.

आता हँडलरचं काम. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. आतल्या आत मिटलेला एक मुलगा आईवडिलांबरोबर वेळेआधीच त्यांच्याकडे आला, तेव्हा लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. कुत्रा धावत मुलाकडे गेला आणि मुलानं त्याला जवळ घेतलं. या अनुभवावर त्यांनी १९६२ साली लिहिलं आणि पुढे हा विषय वाढत गेला. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे जिंगल्स आपणहून गेला. कुत्र्याला जायचं की नाही हे त्यालाच ठरवू देणं आणि ‘नाही’ म्हणाला तर त्याची बाजू घेणं, हेच आमचं खरं काम.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीला एका ठिकाणी सगळ्यांना बर्फीबरोबर फोटो हवा होता. ती जांभया देत होती, जीभ नाकावरून फिरवत होती, मान वळवून डोळ्यांची पांढरी कड दाखवत होती. मला वाटलं, झोप आली असेल. बाराव्या फोटोला ती गुरगुरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. कुणाला लागलं नाही, पण ती भेट तिथेच संपली आणि पुढचे दोन महिने मी तिला कुठेच नेलं नाही. जांभई, ओठ चाटणं, कोरडं असताना अंग झटकणं ही कुत्र्याची ‘पुरे’ म्हणायची भाषा आहे. आता आमची भेट ४५ मिनिटांची असते, आणि कुत्रा दाराकडे पाहू लागला तर ४५ मिनिटं व्हायच्या आधीच उठतो.

बाकीचे नियम सांगून टाकते. महापालिकेचा परवाना हवा. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही हवी, कारण हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. अंगावर गोचीड दिसली तर भेट रद्द. कच्चं मांस खाणारा कुत्रा आजाऱ्यांजवळ चालत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापलेली, दोरी आखूड आणि साधी. लांब सुटणारी गरगर दोरी नको. आणि तिथल्या कुणाचाही फोटो स्टेटसला टाकायचा नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हे वेगळंच प्रकरण आहे. पारा ४५ च्या वर जातो आणि कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गादीतून येतो. बाकी सगळी भिस्त धापेवर. डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग ठेवा. सातपर्यंत आकडे मोजेपर्यंत ठेवता आला नाही, तर कुत्र्याला त्यावरून चालवू नका. एप्रिल ते जून आम्ही सकाळी सातच्या आतच जातो, तेही एसी गाडी मिळाली तर. दिवाळीत सुट्टी. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल भागातलं कितीही बोलावणं आलं तरी नाही. त्या ढोलांपुढे बर्फीचं काय, माझंही चालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. महिन्याभरानं परत जातो तेव्हा कधी एखादी खाट रिकामी असते. कुत्रा तिथे जाऊन हुंगतो आणि आपल्याला काय करावं सुचत नाही. म्हणून प्रत्येक भेटीनंतर आम्ही हँडलर मंडळी टपरीवर चहाला थांबतोच. काटोलचे आजोबा आता नाहीत.

तर आम्हाला काय हवं? सगळ्यात आधी माणसं, महिन्याला दोन सकाळी देणारी. कुत्रा नसला तरी या. कुत्रा आणि हँडलरच्या प्रत्येक जोडीबरोबर एक मोकळा माणूस लागतो, दार धरायला, खुर्च्या सरकवायला, हातांवर सॅनिटायझर द्यायला. पुढे हँडलर व्हायचं असेल तर आमच्यातल्या एखाद्या कुत्र्याला तीन महिने फिरवायला न्या, म्हणजे तुमची एकमेकांशी ओळख होईल. उन्हाळ्यासाठी एसी गाडी आणि चालवणारा हवा. लसी आणि तपासणीसाठी वेळ देणारे पशुवैद्यक हवेत. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजातली मुलं आली तर सोन्याहून पिवळं.

पैशांची मदत लसींसाठी लागते, कारण दोन चांगल्या गावठी कुत्र्यांच्या मालकांना तो खर्च झेपत नाही. देणगी मंडळाच्या खात्यातच द्या आणि पावती मागून घ्या. भेटीच्या ठिकाणी हँडलरच्या हातात रोख देऊ नका. घरातल्या जुन्या सुती चादरी, नऊवारी लुगडी, धोतरंही द्या. कुत्रा खाटेवर चढवायचा तर प्रत्येक खाटेला वेगळं धुतलेलं कापड अंथरावं लागतं, आणि आमच्याकडची विरली आहेत.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही प्रतापनगरच्या बगिच्यात सरावाला असतो. पहिल्या वेळी कुत्र्याला घरीच ठेवा, फक्त त्याचं लसीचं कार्ड आणा. दोन भेटी नुसत्या पाहा, मग ठरवा. सरावानंतर तर्री पोहे आमच्याकडून. बर्फी कितीही केविलवाणं तोंड करून बसली तरी तिला घास देऊ नका. कांदा कुत्र्यांना चालत नाही.