डीआय हर्क्युलिसने आइन्स्टाइनला खोटे पाडले नाही

महोदय,

आइन्स्टाइनचा गुरुत्वसिद्धांत चुकल्याचा पुरावा म्हणून शौरी तारकासमूहातल्या डीआय हर्क्युलिस या ग्रहणकारी जोडताऱ्याचे (एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या दोन ताऱ्यांचे) नाव अजूनही अधूनमधून पुढे केले जाते. ते प्रकरण २००९ मध्येच निकाली निघाले आहे.

हे दोन निळे तारे १०.५५ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. कक्षा बरीच लांबट, विकेंद्रता (लांबटपणाचे माप, वर्तुळासाठी शून्य) ०.४९. अशा कक्षेचा समीपबिंदू, म्हणजे दोन्ही तारे सर्वांत जवळ येतात ती जागा, हळूहळू सरकतो. हिशेबाने तो शतकात ४.२७ अंश सरकायला हवा होता, त्यातले २.३४ अंश आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे, बाकीचे ताऱ्यांच्या चपटेपणाचे आणि भरती-ओहोटीच्या ताणाचे. गिनान व मलोनी या खगोलशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मोजले ते जेमतेम ०.६५ अंश. भौतिकशास्त्रज्ञ मोफट यांनी तर गुरुत्वाच्या आपल्या पर्यायी सिद्धांताला त्यात आधार शोधला.

गफलत गृहीतकात होती. ताऱ्यांचे स्वतःभोवती फिरण्याचे अक्ष कक्षेच्या पातळीला काटकोनात उभे असतात, हे सर्वांनी धरूनच चालले होते. ते कललेले असू शकतील, असे खगोलशास्त्रज्ञ शाकुरा यांनी १९८५ मध्येच सुचवले होते. पुढे खगोलशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त व सहकाऱ्यांनी ग्रहण चालू असताना वर्णपट घेतले. फिरत्या ताऱ्याची एक कड झाकली गेली की वर्णरेषा एका बाजूला झुकतात. त्या झुकण्यावरून अक्ष सुमारे ७२ आणि ८४ अंश कललेले निघाले. आडव्या पडलेल्या अशा भोवऱ्याचा फुगवटा समीपबिंदूला उलटा ढकलतो. तेवढे धरले की हिशेब जुळतो.

हे सरकणे ग्रहणांच्या वेळांवरून मोजतात. हा तारा सुमारे ८.४ प्रतीचा (तेजस्वितेचे माप), म्हणजे लहान दुर्बीण आणि कॅमेरा पुरे. पण केवळ मुख्य ग्रहणाच्या वेळा नोंदवून भागत नाही. एका फेरीत मुख्य आणि दुय्यम अशी दोन ग्रहणे होतात. तिसरा तारा असेल तर दोन्ही ग्रहणे वेळेत एकाच बाजूला सरकतात. समीपबिंदू सरकत असेल तर विरुद्ध बाजूंना. दुय्यम ग्रहण अर्ध्या फेरीवर शोधाल तर हाती काही लागणार नाही, ते मुख्य ग्रहणानंतर साधारण आठ दिवसांनी येते. तेज ताडून पाहण्यासाठी तुलनेचा तारा लालसर घेतला, तर क्षितिजाकडे जाताना हवा निळा प्रकाश जास्त गिळते, प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) तिरका होतो आणि ग्रहणाचा मध्य काही मिनिटांनी हुकतो. नोंदवलेली वेळ सूर्यकेंद्रात (सूर्यावरून ग्रहण दिसेल त्या वेळेत) बदलायला विसरलात, तर पृथ्वीच्या वार्षिक फेरीमुळे नसलेली हालचाल दिसू लागते.

शौरी रात्रभर दिसतो तो नेमका आपल्या पावसाळ्यात. त्यामुळे मार्च ते मे पहाटे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी, एवढीच संधी. लागोपाठची दोन मुख्य ग्रहणे रात्री मिळत नाहीत; एकाआड एक मुख्य ग्रहण २१ दिवस आणि सुमारे २ तास २४ मिनिटांनी येते, तेव्हा पुढची रात्र आधीच मोजून ठेवावी.

– एक आकाशनिरीक्षक