सर्वांत मोठा मल्ल कोण?

माननीय संपादक,

परवा गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाला नेहमीचा वाद रंगला : आपल्याकडचा सर्वांत मोठा मल्ल कोण? आम्ही सांगली जिल्ह्यातले, त्यामुळे कवठेपिरानच्या मारुती मानेंपुढं दुसरं नाव घ्यायची सोय नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलला सुवर्ण, ग्रीको-रोमनला रौप्य, पुढं हिंदकेसरी. माणूस मोठाच. शेजारी बसलेले, कान मुडपलेले एक जुने पैलवान तर हातातली तांबडी माती चोळत म्हणाले, "मारुतीची ताकद बघितलेला दुसरं नाव घेणार नाही."

मी घेतलं. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. ताकदीचंच माप लावायचं तर बँटमवेटचा, म्हणजे हलक्या वजनगटातला मल्ल हेवीवेटपुढं कायम हरणार, मग मोजायचं काय? मातीत घडलेले खाशाबा १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांत त्यांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि पुढचं यायला १९९६ उजाडलं! खाशाबा हेलसिंकीला गेले तेही लोकवर्गणीतून. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. एवढं करून अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या तालमीत मारुतीरायाशेजारी मानेंचा फोटो आहे. त्याच भिंतीवर खाशाबांचाही लावा, असं वस्तादांना सांगून आलोय. फ्रेम मी देणार आहे.

– एक कुस्तीप्रेमी वाचक, सांगली