रोज पाच शब्द छापताय, त्याऐवजी पाच ओळी छापा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागच्या पानावर रोज पाच इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ येतात, ते मी दीड वर्ष नेमाने वाचतेय. कात्रणं काढून वहीत चिकटवलीत, त्यामुळे आधी त्याबद्दल मनापासून थँक्यू. पण आता आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा, दोनदा दिल्यावर त्या चौकटीबद्दल काहीतरी सांगावंसं वाटतंय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच मुली ती चौकट बघून तयारी करतात हे मला वॉर्डात रोज दिसतं.

मी नाशिकमध्ये स्टाफ नर्स आहे, राहायला सिडकोत, माहेर निफाड तालुक्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी मीडियम. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं तेव्हा आम्ही आधीच वरच्या वर्गात होतो, म्हणजे आमच्या बॅचला एबीसीडी पाचवीत. आणि दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे काय, तर गाईडमधली उत्तरं पाठ, धड्याखालचे शब्दार्थ पाठ, आणि अनसीन पॅसेज आला की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती अख्खी ओळ उतरवून काढायची. त्यावर मार्क मिळायचे, म्हणून आम्हाला वाटायचं की वाचता येतं.

युकेला नर्स म्हणून रजिस्ट्रेशन करायचं तर तिथल्या कौन्सिलला आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ९ पैकी प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात, या गुणांना बँड म्हणतात. माझं पहिल्या वेळी बाकी सगळं बसलं आणि रीडिंगला ६ आले. फी गेली, सुट्ट्या गेल्या. घरी सासूबाई म्हणाल्या, अगं बोलता येतं, लिहिता येतं, मग वाचायलाच कसं नाही आलं? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देता येईल असं वाटतं.

पेपर असा असतो बघा. तीन मोठे उतारे, मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. कागदावर परीक्षा दिली तर लिसनिंगला उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं जास्त देतात, तशी रीडिंगला देत नाहीत. स्पेलिंग चुकलं तरी उत्तर चूक, दोनच शब्दांत लिहा म्हटलं आणि तीन लिहिले तरी चूक. आणि उताऱ्यात जो शब्द असतो तो प्रश्नात जवळपास कधीच नसतो, त्याच अर्थाचा दुसरा असतो. म्हणजे शाळेतली ती ओळ शोधायची सवय इथे पूर्ण उलटी पडते.

मी पहिल्या वेळी शहरातल्या एका क्लासला गेले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड झेरॉक्स हातात दिली, तीन हजार शब्द, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि सांगितलं रोज पन्नास करा. मी केले. नाइट ड्यूटीला केले, बसमध्ये केले, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता केले. अबँडन म्हणजे सोडून देणे, अबेट म्हणजे कमी होणे, अभॉर म्हणजे तिटकारा असणे. डी पर्यंत पोचेपर्यंत ए मधले निम्मे गेलेले असायचे. हे होणारच, एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की असं सुटंसुटं पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच भराभर विसरतं. आणि जे लक्षात राहिले ते शब्दही परीक्षेत उपयोगी पडले नाहीत, हे जास्त लागलं.

एकच शब्द सांगते, डिस्चार्ज. हा शब्द मी रोज वीस वेळा वापरते. पेशंटला डिस्चार्ज मिळाला, डिस्चार्ज कार्ड, जखमेतून डिस्चार्ज येतोय. तर एका प्रॅक्टिस पेपरात नद्यांवरचा उतारा होता आणि त्यात वाक्य होतं की पावसाळ्यात नदीचा डिस्चार्ज अनेक पटींनी वाढतो. मी त्या ओळीवर चार मिनिटं थांबले. शब्द ओळखीचा, अर्थ पाठ, आणि वाक्य मात्र डोक्यात शिरेना. पुढचे तीन प्रश्न त्याच परिच्छेदावर होते, तिन्ही चुकले. नंतर ऑगस्टमध्ये आपल्याच पेपरात पहिल्या पानावर बातमी होती, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, होळकर पुलाखाली इतके क्युसेक, दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की अरे, विसर्ग म्हणजेच डिस्चार्ज. नाशिकच्या माणसाला हा शब्द कोणी शिकवायची गरजच नव्हती, फक्त तो त्याच्या जागी दिसायला हवा होता. तसंच कल्चर, आमच्याकडे ब्लड कल्चर लॅबला जातं आणि उताऱ्यात संस्कृती असते. ॲडमिनिस्टर म्हणजे आम्ही औषध देतो आणि उताऱ्यात कारभार बघतात. शब्द एकटा नसतोच, तो शेजारच्या शब्दांबरोबर राहतो, आणि पाच शब्द पाच अर्थ अशी चौकट त्याला शेजाऱ्यांपासून तोडून आणते. माझी आपल्याला तक्रार म्हणा, विनंती म्हणा, ती हीच आहे.

दुसरी गोष्ट ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनची. ज्यांनी ही परीक्षा दिलीय त्यांना हे तीन शब्द ऐकले तरी धस्स होतं. एक उतारा द्राक्षबागांवर होता, ठिबकमुळे बागेला लागणारं पाणी कमी झालं असं त्यात लिहिलेलं. प्रश्नातलं विधान होतं, ठिबकमुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं. मी निफाडची, आमच्या वडिलांनी ठिबक बसवलं तेव्हा घरात काय फरक पडला हे मी डोळ्यांनी बघितलंय, मी ठोकून ट्रू लिहिलं. उत्तर नॉट गिव्हन. उताऱ्यात उत्पन्नाबद्दल चकार शब्द नव्हता, तो सगळा मी घरून आणला होता. ठिबकमुळे जास्त पाणी लागायला लागलं असं विधान असतं तर ते फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट बोलतोय. पण जे उताऱ्यात नाहीच ते खरं असलं तरी ट्रू होत नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलं असतं तर! समोरच्याने नेमकं किती सांगितलंय आणि किती आपण मनाने धरतोय, हे वेगळं करता येणं म्हणजे वाचणं. ते इंग्रजीपुरतं नाहीये, मराठी व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचतानाही तेच लागतं.

मग मी काय बदललं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर झाला. मी ती झेरॉक्स बंद केली आणि इंजेक्शनच्या खोक्यात येतो ना, तो घड्या घातलेला पातळ कागद, तो वाचायला लागले. अकरा वर्षं तो कागद मी डस्टबिनमध्ये टाकत होते. रात्री तीनचा राउंड झाला की एक कागद, वीस मिनिटं. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता पूर्ण वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिल, अंदाज लिहायचा, मगच मोबाईल हातात घ्यायचा. त्या कागदात मे कॉज आणि कॉजेस यातला फरक पहिल्यांदा नीट दिसला. होऊ शकतं आणि होतं. शुड बी अव्हॉइडेड म्हणजे शक्यतो टाळा आणि कॉन्ट्राइंडिकेटेड म्हणजे देऊच नका. परीक्षा बरोब्बर याच फरकावर प्रश्न विचारते, आणि वॉर्डात याच फरकावर पेशंट असतो. त्यामुळे मला तो अभ्यास वाटलाच नाही, कामच वाटलं.

नंतर रोज एक लेख, विज्ञान नाहीतर इतिहास असा. वहीत शब्द लिहायचा नाही, अख्खं वाक्य लिहायचं, खाली माझ्या मराठीत त्याचा अर्थ, जसा मी आईला सांगीन तसा. ते पान दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत उघडायचं. आणि शब्दाचं कुटुंब एकत्र लिहायचं, ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल, जसं आपल्याकडे वाच, वाचन, वाचक, वाचनालय. कुठले शब्द आधी घ्यायचे यावरही लोकांनी काम करून ठेवलंय. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये साधारण २००० नेहमीच्या शब्दांची यादी काढली, हे गृहस्थ ब्रिटिश काळात ढाक्याला शिक्षणाचं काम करायचे आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं याच विचारात असायचे. मग २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची ५७० कुटुंबं वेगळी काढली. ही यादी माझ्या त्या तीन हजारांच्या झेरॉक्सपेक्षा कितीतरी कामाची. अभॉर कुठे भेटतो हो उताऱ्यात, पण सिग्निफिकंट, डिराइव्ह, व्हेअरॲज, नेव्हरदलेस हे पानापानावर भेटतात. हाउएव्हर दिसला की आता गाडी वळणार हे कळलं पाहिजे, तिथेच उत्तर लपलेलं असतं.

पण यादी ही नुसती दिशा. पॉल नेशन म्हणून भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं, मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे लागतात, आणि वर्तमानपत्र किंवा कादंबरीसाठी तेवढे ओळखीचे व्हायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. इतके शब्द पाठ करून कुणाचे झालेत? ते वाचता वाचता, पुन्हा पुन्हा समोर येऊनच आपले होतात. घरी सोडवलेल्या रीडिंगच्या सराव पेपरांत मी ४० पैकी २३-२४ वर महिनोन्महिने अडकले होते, सात महिन्यांनी ३१ ला पोचले आणि दुसऱ्या वेळी ७ आले. क्लास लावू नका असं मी म्हणत नाही, वेळ लावून पेपर सोडवायची सवय तिथे होते, पण तीन महिन्यांत बँड वाढवून देतो असे बोर्ड बघून गावाकडून आलेल्या मुली कर्ज काढून पैसे भरतात तेव्हा पोटात तुटतं. ज्या मुलीने शाळा सोडल्यापासून मराठीतलंही एक पुस्तक सलग वाचलेलं नाही तिला आधी वाचायची सवय लागायला हवी, मराठीत लागली तरी चालेल, ती सवय इंग्रजीत उपयोगी पडते हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आणि हे नाशिक आहे हो. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कुसुमाग्रजांचं गाव, २७ फेब्रुवारीला आपण सगळे मराठीचे फोटो टाकतो. इंग्रजी शिकली की मराठी कमी होते असं मला वाटत नाही, मला डिस्चार्ज कळला तो विसर्गमुळे. शहरातल्या छोट्या-मोठ्या वाचनालयांनी संध्याकाळी एक टेबल इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी राखून ठेवलं, तिथे सोपी इंग्रजी पुस्तकं आणि दोन चांगल्या डिक्शनऱ्या ठेवल्या, आणि एखाद्या रिटायर्ड मास्तरांनी आठवड्यातून एक तास दिला तर सातपूर-अंबडमध्ये कामाला असलेली मुलंही येतील. बाकी काही नको, शांत जागा आणि पंखा.

आपल्याकडून मला हवंय ते एवढंच की ती पाच शब्दांची चौकट बंद करू नका, बदला. त्याच दिवसाच्या नाशिकच्या बातमीवर पाच सोप्या इंग्रजी ओळी द्या, कांद्याच्या लिलावाच्या, धरणाच्या, सिटी बसच्या. बातमी आम्ही मराठीत वाचलेलीच असते, त्यामुळे शब्दाचा अर्थ आम्हाला स्वतःला लावता येईल. त्यातला एकच शब्द ठळक करा. आणि रविवारी जरा मोठा उतारा, खाली ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनचे तीन प्रश्न, उत्तरं सोमवारी, पण नुसती उत्तरं नकोत, का ते मराठीत सांगा.

सोबत नमुना म्हणून मी एक उतारा लिहून पाठवतेय, गोदावरीच्या पुरावरचा, १२० शब्दांचा. आमच्या वॉर्डातल्या चार जणींनी सोडवून बघितलाय, तिसऱ्या प्रश्नावर चौघींचं भांडण झालं. इंग्रजीच्या चुका असतील तर आपल्या डेस्कवरच्या कोणीतरी दुरुस्त करून घ्याव्यात, आणि बरा वाटला तर येत्या रविवारी छापावा.

आपली,
एक स्टाफ नर्स,
सिडको, नाशिक