निष्काळजीपणा म्हणण्याआधी मशीनचे तोंड मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली मळणी मशीनची बातमी वाचली. ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे हात गेला’ असे तुमच्या वार्ताहराने लिहिले आणि खाली चौकटीत सूचना दिल्या. इंजिन बंद करा, सैल कपडे घालू नका, दुरुस्ती वेळच्या वेळी करा. सूचना बरोबर आहेत. माझ्या धाकट्या भावालाही त्या पाठ होत्या. गेल्या वर्षी सोयाबीनच्या सुगीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वाचून रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, श्रावणातच जळाला होता. आष्ट्याच्या मेकॅनिकने सांगितले, हा भरून उपयोग नाही, नवाच बसवा. सोसायटीचा हप्ता तोंडावर, पोरीची फी भरायची, म्हणून उसाचे बिल आल्यावर बघू असे ठरले. तोवर ट्रॅक्टर उतारावर लावायचा, ढकलून चालू करायचा आणि एकदा चालू झाला की दिवसभर बंद करायचा नाही. गावात असे किती ट्रॅक्टर आहेत, कधी येऊन बघा.

परतीच्या पावसाने सोयाबीन भिजलेले. वरून वाळलेले दिसले तरी गंजीच्या पोटात काड ओलेच होते. पश्चिमेला आभाळ भरून आलेले आणि पुढच्या दोघांच्या गंजी ताडपत्रीखाली आमच्या मशीनची वाट बघत होत्या. ओल्या काडाचा बोळा तोंडाशी अडकला. भावाने पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर मशीनला देणारा दांडा, सोडवला, पण इंजिन चालूच ठेवले. सपाट रानात बंद केलेला ट्रॅक्टर ढकलायला माणसे आणायची कुठून? पीटीओ सोडवला तरी मशीनचे जड चाक लगेच थांबत नाही, त्याच्या जोरावर काड झोडपणारा ड्रम फिरत राहतो. बोळ्यामागे तो फिरतोय हे दिसत नव्हते आणि ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकूही येत नव्हते. त्याने बोळा ओढायला हात घातला. मी पोत्याचे तोंड शिवत होतो. तो ओरडलाही नाही, फक्त हात छातीशी धरून खाली बसला.

एका पोराने पळत जाऊन रसवंतीतून बर्फ आणला आणि आम्ही बोटे थेट बर्फात टाकली. मिरजेला डॉक्टरांनी सांगितले, तुटलेली बोटे स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायची, ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बर्फ थेट लागला की मांस खराब होते. बोटे जोडता आली नाहीत. तुमच्या चौकटीत ही एक ओळ असायला हवी होती.

आठ दिवसांनी मी टेप घेऊन मशीनपाशी बसलो. भारतीय मानकाप्रमाणे काड घालायची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब हवी आणि ड्रमकडची ४५० मिलिमीटर वरून झाकलेली हवी. म्हणजे तीन फूट लांब आणि दीड फूट झाकण, हात ड्रमपर्यंत पोचूच नये एवढे अंतर. आमच्या मशीनची पन्हळ भरली जेमतेम दीड फूट, त्यावर झाकण नाही. मशीन विकणाऱ्याने आम्हाला यातले काही सांगितले नव्हते. अशा अपघातांसाठीच १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला, त्यात मळणी यंत्राचे थेट नाव आहे, जखमीला भरपाईची तरतूद आहे. मग तपासणी कोण करते? आमच्या खळ्यावर आजवर एकही अधिकारी आलेला नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत मृत्यूला २ लाख, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख आहेत. दोन बोटे त्यात कुठे बसतात, हे आम्हाला कोणी नीट सांगितले नाही.

सेल्फ आता नवा बसवला आहे. त्याच्या कितीतरी पट पैसे मिरजेत गेले, ते व्याजाने काढून. दुरुस्ती आम्ही आळसाने लांबवली नव्हती, एवढे तरी तुमच्या वाचकांना कळू द्या.

पत्र लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. ऊस वाहतुकीत ट्रॉलीचा एक्सल तुटला की ती भर रस्त्यात उभी राहते आणि मागे खूण म्हणून दगड लावतात. एक्सल बसला की ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. मागच्या हंगामात अंधारात माझी मोटारसायकल अशाच दगडावर गेली, गुडघा अजून दुखतो. प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि सोबत रस्त्यावर उभे करायचे दोन त्रिकोण, एवढे कारखान्यांनी गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, ऊस घेण्याआधी बघितले तरी पुष्कळ होईल.

मशीन आमच्या खळ्यावरच आहे. गावच्या वेल्डरकडून तीन फुटी पन्हळ आणि झाकण करून घेतले आहे, जुनी पन्हळही ठेवली आहे. तुमच्या वार्ताहराने टेप घेऊन यावे, दोन्ही मोजून दाखवतो. भाऊही घरीच असतो.

आपला,
एक मळणी मशीनवाला
ता. वाळवा, जि. सांगली