पित्ताच्या गोळ्या का पाठवत नाही

बार्शी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "बाबा, दुकानातून पॅन्टोप्राझोलच्या चार-पाच स्ट्रिप कुरिअर करा, इथला मेडिकलवाला चिठ्ठी मागतो." मागतो तेच बरोबर आहे. पाकिटावर 'शेड्यूल एच' छापलेलं असतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. बापाचं मेडिकल आहे म्हणून तुझ्या जठराला सवलत नाही. फोनवर सांगायला गेलो की तू "हो हो" म्हणतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो, म्हणून लिहितोय.

आधी हे सांग, तू ही पित्ताची गोळी घेतेस कधी? आई म्हणाली, रात्री जेवल्यावर, जळजळायला लागलं की. तशी घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते. जठराच्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांच्यात आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. जेवायला लागलं की ते जोरात चालू होतात, आणि ही गोळी चालू असलेल्या पंपालाच बंद पाडते. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. आत्ताची जळजळ आत्ता शमवायची असेल तर साधं अँटासिड, चघळायची गोळी नाहीतर ते गुलाबी पातळ औषध. काउंटरवर हे मी रोज सांगतो. लोक मान डोलावतात आणि चहाबरोबर घेतात.

आणि आम्लावर एवढा राग का? दिवसाला साधारण दोन लिटर जठररस तयार होतो, आणि उपाशीपोटी तो लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असतो. खाण्याबरोबर गेलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात. डाळीतली, उसळीतली प्रथिनं फोडायला सुरुवात तिथेच होते. अन्नातलं बी-12 सुटं व्हायलाही आम्ल लागतं. वर्षानुवर्षं ते दाबून ठेवलं तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, आतड्याचे संसर्गही वाढतात. तू शाकाहारी, तुझं बी-12 आधीच काठावर.

एवढं तीव्र आम्ल जठराला का जाळत नाही? आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार मुरलेला असतो, आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलून नव्या येतात. अन्ननलिकेला असं कवच नाही. जेमतेम 25 सेंटिमीटरची नळी, तिच्या खालच्या टोकाला स्नायूची एक कडी. ती कडी वेळी-अवेळी सैल पडली की आम्ल वर चढतं आणि छातीत आग होते. म्हणजे पुष्कळदा आम्ल जास्त झालेलं नसतंच, नको तिथे गेलेलं असतं. रात्री साडेअकराला पनीर-नान, वर कॉफी, आणि बाराला लॅपटॉप पोटावर घेऊन आडवं व्हायचं, मग कडी काय करणार? झोपायच्या तीन तास आधी जेव. डाव्या कुशीवर झोप, जठराच्या आकारामुळे त्या बाजूला आम्ल वर कमी येतं. उशीवर उशी ठेवून उपयोग नाही, पोट मुडपतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव, घरमालकीण काय म्हणायचं ते म्हणू दे. थंड दूध पितेस तेही थोडा वेळच बरं वाटतं. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात.

पण खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. तू आईला सांगितलंस, पहाटे दोन-तीनला पोटात कुरतडल्यासारखं होतं, जाग येते, दोन बिस्किटं खाल्ली की थांबतं. हे नुसतं वर चढलेलं आम्ल वाटत नाही. असं दुखणं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचं, म्हणजे अल्सरचं, असू शकतं. अल्सर म्हटलं की आपल्याकडे "फार टेन्शन घेतो" किंवा "तिखट फार खातो" असं म्हणायची पद्धत आहे. डॉक्टरसुद्धा बराच काळ तेच मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना रुग्णांच्या जठरात वाकड्या आकाराचे जिवाणू दिसत होते, पण प्रयोगशाळेत ते वाढेनात. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या थाळ्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि जिवाणू उगवले. हेलिकोबॅक्टर पायलोरी. एवढ्या आम्लात जंतू जगतात हे कोणी मानायला तयार नव्हतं, तेव्हा 1984 मध्ये मार्शलनी त्या जिवाणूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. थोड्या दिवसांत उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बीण घालून पाहिलं तर जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. असले प्रयोग करणाऱ्याच्या घरच्यांचं काय होत असेल हा विचार माझ्या मनात येतोच, पण त्या माणसामुळे जन्मभराचं दुखणं दोन आठवड्यांच्या औषधावर आलं.

हा जिवाणू आपल्याकडे खूप जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काही त्रास देत नाही. काहींना मात्र व्रण होतो, आणि फार वर्षं राहिला तर जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. नुसत्या पॅन्टोप्राझोलने दुखणं दबतं, जिवाणू मरत नाही. त्याला आम्ल दाबणाऱ्या गोळीबरोबर दोन-तीन औषधं, साधारण 14 दिवस, एकही डोस न चुकवता घ्यावी लागतात. व्रणाचं दुसरं कारण म्हणजे डोकेदुखीला आणि पाळीत तू घेतेस त्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. जठराचं कवच राखणारी रसायनंच त्या कमी करतात. डॉक्टर भेटेपर्यंत बंद ठेव. अगदीच लागलं तर पॅरासिटामॉल.

पोट साफ होत नाही म्हणतेस, त्याला वेगळी गोळी नको. सकाळी पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणून तर चहानंतर घाई होते. त्याच वेळी तुझी ऑफिसची बस असते आणि तू दाबून ठेवतेस. रोज दाबलं की आतडं सांगणंच सोडतं, आणि मळातलं पाणी शोषलं जाऊन तो कडक होतो. बसच्या आधी वीस मिनिटं काढ. ज्वारीचं पीठ पाठवतोय, भाकरी मोडली तरी खा.

शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, घास अडकायला लागला किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं तरी तेच, अपेंडिक्स असू शकतं.

आता या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरची वेळ घे. पहाटेचं दुखणं आणि बिस्किटांचं नीट सांग, वेदनाशामक गोळ्या लपवू नकोस. ते बहुधा जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगतील, गरज वाटली तर दुर्बीण. तपासणीआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद लागतं, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्टमध्ये 'नाही' येऊ शकतं. म्हणून स्ट्रिप पाठवत नाही. गोळी थांबवल्यावर काही दिवस आम्ल उसळी मारेल, तेव्हा अँटासिड घे, मात्र तपासणीच्या दिवशी तेही नको. रिपोर्ट आला की फोटो टाक.

तुझा,
बाबा

ता.क. पार्सलमध्ये ओआरएसचे पुडे आहेत. तुमच्या ऑफिसखालची पाणीपुरी मला माहीत आहे. जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट धरत नाही, पण साखर आणि मीठ बरोबर असलं की ती दोन्ही आत जाताना पाणी ओढून नेतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबिस यांनी हेच मिश्रण ड्रममधून पाजलं आणि सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आणले. पूर्ण पुडा एक लिटर पाण्यात घालायचा, ग्लासभर पाण्यात अर्धा नाही. घोट घोट प्यायचं, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.