शाई लावणारीचं बोट

संपादक महोदय,

मतदानाच्या दिवशी जो तो शाईच्या बोटाचा फोटो पाठवतो. मी आधी रेघ बघते. नखाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या खालपर्यंत आली नसेल तर चुटपुट लागते. सवय जात नाही.

तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि 1989च्या लोकसभेपासून बहुतेक निवडणुकांत माझ्या वाट्याला शाईच आली. त्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांना लोकसभेसाठी पहिल्यांदाच मत मिळालं होतं. मिसरूड न फुटलेली पोरं बघून आमचे केंद्राध्यक्ष एकेकाला वय विचारत होते. शाईची बाटली कलंडू नये म्हणून वाळू भरलेल्या डब्यात रोवायची, बोट तेलकट असेल तर फडक्यानं पुसायचं, मगच काडी टेकवायची. स्वयंपाक उरकून आलेल्या बायकांचं बोट हमखास तेलकट. काही म्हाताऱ्या यादीवाल्याला नवऱ्याचं नाव सांगायला लाजायच्या आणि माझ्याकडे येऊन माझ्याच कानात सांगायच्या! एकदा एका गड्यानं डावा हात पुढे केला, त्याला तर्जनीच नव्हती. मळणीयंत्रात गेलेली. मी शेजारच्या बोटाला शाई लावली. तो म्हणाला, "बाई, ह्ये तरी ठिवा आता."

संध्याकाळपर्यंत माझी तीन-चार बोटं काळी व्हायची. उन्हात गेलं की आणखी गडद. शेजारीण म्हणायची, "तुम्ही तर चार मतं टाकून आलात." खरं तर एकही नाही. ड्युटी नेहमी परक्या गावात, आदल्या रात्री वर्गात सतरंजीवर झोप, बाईमाणसाच्या आंघोळीची सोय बघायची नाही. आमचं मत टपालानं. एका वर्षी तर टपाली मतपत्रिका निकाल लागल्यावर घरी आली. ती मी बरेच दिवस कपाटात ठेवली होती, का ते सांगता येणार नाही.

आता ड्युटीवरच्या माणसाला त्याच मतदारसंघात काम असेल तर प्रमाणपत्र दाखवून तिथल्याच केंद्रावर मत देता येतं. पण प्रशिक्षणात हे घाईघाईत सांगतात आणि अर्जाची मुदत निघून जाते. नव्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी तो अर्ज मागून घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी 2018ला निवृत्त झाले. 23 एप्रिल 2019ला आमच्याच गावच्या शाळेत रांगेत उभी राहिले. दोन नंबरला, शाईच्या जागी, एक तरणी मुलगी होती. बाटली टेबलावर नुसतीच ठेवलेली. मी म्हटलं, "अगं, डब्यात वाळू घालून त्यात रोव, सांडेल." तिनं माझ्या बोटावर रेघ ओढली, चांगली पेरापर्यंत, आणि म्हणाली, "आजी, पुढे सरका."

– एक निवृत्त शिक्षिका, ता. कोरेगाव, जि. सातारा